मृगाच्या आत

यवतमाळ जिल्ह्यात ज्यांची लहानपणं 1960 आणि 70च्या दशकात गेली, त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला निम्मा वेळ राखण करण्यात गेला. दारव्हा असो, दिग्रस असो की घाटंजी, चित्र एकच. अंगणात नाहीतर माडीवर ओळीनं खाटा, खाटांवर धुतलेली जुनी लुगडी, लुगड्यांवर धापोडे, कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या. सावलीच्या तुकड्यात हातात तुराटी घेऊन आम्ही पोरं बसलेलो. कावळा आला की तुराटी आपटायची. मजुरी म्हणून अर्धवट वाळलेली, आतून मऊ असलेली मूगवडी मिळायची, आणि ती मजुरी आम्ही कोणी देण्याची वाट न पाहता आगाऊच उचलत असू.

पारा 44-45 वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरातल्या बायका मात्र या उन्हावर खूश. एक दिवस ढगाळ गेला तर मायचा चेहरा उतरायचा. 7 जूनला मृग लागणार. त्याच्या आत मिरची, हळद, डाळ, शेवया, पापड, सगळं वाळून, निवडून, भरून बंद झालं पाहिजे. आमच्या शाळेच्या परीक्षेत एखाद्या विषयात नापास होण्याची सोय होती, या मुदतीत नव्हती.

वाळवणावर आमच्या पिढीचं पुष्कळ लिहून झालं आहे. दर दिवाळी अंकात कोणीतरी एक कुरडई तळतंच. वाळवलेलं बंद कसं करायचं यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते खरं कसब तिथं होतं. ऊन फुकट होतं आणि यवतमाळात कधी कमी पडलं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरभर ओल भरलेली असताना डाळीत भुंगा आणि पापडात बुरशी होऊ न देणं, हे बाईच्या हातात होतं. हवा खेचून पिशवी चिकटवणारं यंत्र, म्हणजे ज्याला आता सगळे व्हॅक्यूम सीलर म्हणतात ते, आमच्या वयाच्या पुष्कळांच्या घरांत मुलांनी आणून ठेवलं आहे. त्याच्याशी झटापट करताना मला सारखी ही बंद करण्याची कामं आठवतात.

मायचा पहिला नियम: उन्हातून आणलेलं लगेच डब्यात भरायचं नाही. गरम धापोडा डब्यात गेला की झाकणाला आतून घाम येतो, आणि चार दिवसांत धापोडा वातड. संध्याकाळी सगळं उचलून आत आणायचं, सुपात पसरून रात्रभर निवू द्यायचं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत भरायचं. दुसरा नियम दाताचा. डाळ वाळली असं कोणी तोंडी सांगून चालायचं नाही.

“वाळली का वं?”

“हाव, वाळली.”

“मंग दातानं फोडून दाखव.”

दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. दबला, चावला गेला, की पुन्हा खाटेवर. त्यात ओलाव्याचं सगळं शास्त्र होतं. धान्यात साधारण 12 टक्क्यांच्या वर पाणी राहिलं की बुरशीला आणि किडीला बरं वाटू लागतं, हे कृषी खात्याच्या पुस्तिकेत नंतर वाचलं. मायकडे मोजायला दात होते, आणि ते शेवटपर्यंत शाबूत राहिले.

आमच्या आधीच्या पिढीनं पेव वापरलेलं पाहिलं. आम्ही पेवाच्या फक्त जागा पाहिल्या. गावच्या पांढरीत, मुरमाड कोरडी जागा बघून खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा. आतून जाळ करून शेकून घ्यायचा, तळाला आणि बाजूंना कडबा-कुटार लावायचं, मग ज्वारी ओतायची. तोंडावर दगडी फरशी, तिच्यावर माती आणि शेणाचा जाड थर. असं पेव वर्षभर, दुष्काळाची चाहूल असली तर त्याहून जास्त बंद राहायचं. वरचा आणि कडेचा थर खराब निघायचा, मधली ज्वारी चांगली. तिला एक आंबूस वास असायचा, आणि काही म्हाताऱ्यांना तोच वास आवडायचा. आमच्या आजीला ताज्या ज्वारीची भाकर बेचव लागायची.

पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. घाई करून उतरलेला आणि परत वर न आलेला कोणीतरी प्रत्येक गावच्या गोष्टीत होताच. आम्हाला ती भुताची गोष्ट वाटायची. प्रकार साधा होता. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. त्याच्यासोबत आत गेलेले सोंडे आणि अळ्याही श्वास घेतात. सगळे मिळून आतला प्राणवायू संपवतात, मागे कर्बवायू उरतो, आणि किडे मरतात. ज्या हवेनं कंदील विझायचा तिच्यामुळेच ज्वारी टिकायची.

1980च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांची चवळी किडीपासून वाचवायला गेले, तेव्हा त्यांनी काढलेला उपाय याच जातीचा होता. एकात एक तीन पिशव्या, आतल्या दोन जाड प्लास्टिकच्या, बाहेरचं पोतं मजबुतीला. औषध काही नाही. तोंड पिळून घट्ट बांधायचं, बस. पुढे त्यांच्या लक्षात आलं की किडा नुसता गुदमरून मरत नाही. कोरड्या दाण्यात त्याला प्यायला पाणी नसतं. अन्न आणि प्राणवायू यांतून तो आपल्या शरीरात पाणी तयार करतो. प्राणवायू तुटला की पाणी तुटतं, आणि तो तहानेनं मरतो. हे वाचलं तेव्हा पेवाभोवतीच्या सगळ्या भीतीदायक गोष्टी मला एकदम घरगुती वाटू लागल्या.

पेव मोठ्या घराचं. बाकीच्यांकडे कणगी. तुराट्यांची नाहीतर बांबूच्या कामट्यांची विणायची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, वाळली की पुन्हा लिंपायची, कारण पहिल्या लिंपणाला भेगा पडतातच. ज्वारी भरली की वरचं तोंडही लिंपून टाकायचं. मग रोजची ज्वारी काढायची कशी? तळाशी मुठीएवढं भोक ठेवलेलं असायचं आणि त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की टोपलीत ज्वारी घळघळ यायची, पुरे झाली की बोळा परत. वरचं तोंड वर्षभर उघडायचं नाही. रोज झाकण काढून हात घातला की रोज नवी हवा, रोज नवी ओल. आज आम्ही किलोभर डाळीचं एक पाकीट करण्याऐवजी पाव-पाव किलोची चार करतो, त्यामागं हाच विचार आहे.

माजघरात उतरंडी असायच्या. खाली मोठा रांजण, वर लहान होत जाणारी मडकी, सगळ्यात वर हातात मावेल एवढं बोळकं. त्या बोळक्यांत बियाणं असायचं: वांग्याचं, कोहळ्याचं, अंबाडीचं. बी राखेत घोळून ठेवलेलं. गोवरीची चाळलेली राख दाण्यांमधल्या फटी भरून काढते, आणि किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते, म्हणजे तो पुन्हा पाण्याविना मरतो. तांदूळ आमच्याकडे सणाचा, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला पाला घातला तर फायद्याऐवजी नुकसान, हेही त्यात आलं.

सगळ्यात कष्टाचं काम तुरीच्या डाळीचं. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ, हा जिल्ह्यातल्या शेताचा ठरलेला नकाशा. म्हणून घरची तूर प्रत्येकाकडे. ती आधी पाण्यात भिजवायची, मग उन्हात खडखडीत वाळवायची, म्हणजे साल सुटतं. मग जात्यावर भरडायची, पाखडायची. साल आणि बारीक चुरा म्हणजे चुनी, ती म्हशीला. डाळ पुन्हा उन्हाला. शेवटी परातीत घेऊन तळहाताला एरंडेल लावायचं आणि डाळीवरून हात फिरवत राहायचं. डाळ तेलकट दिसता कामा नये, तिला नुसती चमक यायला हवी. या कामाला मोठी आई बसायची, कारण तिचा हात हलका. तेल जास्त झालं की पुढं वरणाला वास येतो आणि बोलणी खावी लागतात.

तुरीतला भुंगा घरात कुठून येतो, याचं आम्हाला कोडं होतं. डबा घट्ट, झाकण घट्ट, तरी आत भुंगे. पाहुण्यासारखा तो दारातून येत नाही, दाण्याबरोबरच येतो. शेंग झाडावर वाळत असतानाच मादी तिच्यावर अंडी घालून जाते. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो, ते अंडं. अळी आत शिरते, दाणा आतून खाते, आणि गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर पडते. एरंडेल त्या अंड्याचा श्वास बुजवतं. माय हे शब्द वापरत नव्हती. ती म्हणायची, “तेलाचा हात फिरोला का मंग त्याचं काई चालत नाई.”

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. त्या काळात सगळंच निंब आणि राख नव्हतं. बाजारात पाऱ्याच्या गोळ्या मिळायच्या, धान्यात टाकायला. दोन-चार गोळ्या गव्हाच्या डब्यात असायच्याच, आणि गहू निवडताना त्या आम्ही पोरं हातात घेऊन खेळायचो. काचेच्या नळीतलं औषध यायचं, ते पोत्यात फोडायचं आणि खोली बंद करायची. पुढं सल्फासच्या गोळ्या आल्या. त्यांनी आमच्या जिल्ह्यात काय काय केलं, ते यवतमाळचं नाव वर्तमानपत्रात ज्या कारणानं येत राहिलं त्या बातम्यांत आहे. घरातल्या साठवणीत विष ठेवायची गरज संपली, एवढ्या एका कारणासाठीही मी प्लास्टिकच्या पिशवीची बाजू घेईन.

त्या विषाची गरज वाढली होती ती संकरित ज्वारीमुळे. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं, आणि पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झालेले. त्यांनी ते वाण राज्यभर रेटलं, आणि रेटलं ते बरं केलं, कारण 1972च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो खाल्लेल्या माणसाला ज्वारीच्या रंगाचं कौतुक राहत नाही. पण घरातल्या बायकांचं हायब्रीडबद्दलचं मत वेगळं होतं. ती लवकर तयार व्हायची, कणसं परतीच्या पावसात सापडायची, दाणा काळा पडायचा, आणि साठवली की गावरानीआधी सोंडा तिला धरायचा. 1960च्याच दशकात केंद्र सरकारची धान्य वाचवा मोहीम सुरू झाली आणि जस्ती पत्र्याच्या कोठ्या आल्या. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पुसा कोठी काढली होती: मातीच्या विटांची दुहेरी भिंत आणि मध्ये प्लास्टिकचा कागद. बाहेरून ती आमच्या कणगीसारखीच मातीची. आत मात्र ओल अडवणारा तो कागद होता, आणि फरक त्यानंच पडत होता.

लोणच्याची गोष्ट निराळी. चिनी मातीची बरणी, आधी कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलेली, मग दोन दिवस उन्हात पालथी, मग हिंगाची धुरी. फोडी बरणीत गेल्या की वर चार बोटं तेल. तेलाच्या वर फोड दिसली की बुरशी आलीच. तोंडाला पांढरा दादरा आणि सुतळी. ओला हात नाही, ओला चमचा नाही. विटाळाच्या दिवसांत बाईनं बरणीकडे जायचं नाही, हा नियमही त्याच यादीत घुसवला होता. बाकीच्या नियमांना मीठ, तेल आणि कोरडेपणाचा आधार आहे, या एकाला नाही. ही बरणी पोत्यात कुटार भरून, त्यात बसवून, शकुंतलेनं प्रवास करायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही कारंजा आणि दारव्ह्यावरून जाणारी छोट्या रुळांची गाडी इतकी हळू चालायची की बरणी फुटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मग आमचे संसार सुरू झाले, 1980च्या पुढेमागे. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात कणगी कुठं ठेवणार? उतरंड गेली, स्टीलचे डबे आले. हॉर्लिक्सच्या आणि बोर्नव्हिटाच्या बाटल्या टाकून देणं हा गुन्हा होता. आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. तेव्हा पिशवी बंद करायची एक युक्ती घरोघरी होती, ती आजच्या मुलांना खोटी वाटते. मेणबत्ती पेटवायची. पिशवीचं तोंड हॅक्सॉच्या तुटक्या पात्याच्या कडेला धरायचं, एक सूत बाहेर ठेवायचं, आणि ज्योतीवरून सरसर ओढत न्यायचं. बाहेरची कड वितळून चिकटायची. हात थबकला की भोक, घाई केली की फट. त्याआधी पिशवी पोटाशी धरून दाबायची आणि होईल तेवढी हवा काढायची. काही जण तोंडानं ओढायचे. मिरची पावडरच्या पिशवीवर हा प्रयोग करणारा माणूस पुन्हा करत नाही.

हवा काढली की माल टिकतो आणि जागाही वाचते, हे कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये ढगासारखी फुगलेली रुई प्रेसखाली जाते आणि 170 किलोची गाठ होऊन बाहेर येते, ते आम्ही लहानपणी कुंपणावरून पाहिलेलं आहे. टेबलावरचं यंत्र दिसायला खेळण्यासारखं असतं, पण दाब त्याचाही साधा नाही. आपल्या डोक्यावरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकते. 20 बाय 30 सेंटिमीटरच्या पाकिटातली हवा पूर्ण काढली तर एका बाजूवर 600 किलोंचा भार येईल. घरगुती यंत्र सगळी हवा काढू शकत नाही, पण तीन-चार क्विंटलचा दाब तर येतोच. म्हणून कुरडई आणि धापोडा त्यात घालायचे नाहीत. बाहेर निघतो तो चुरा. त्यांना पत्र्याचा डबाच बरा.

असली यंत्रं आमच्याकडे मुलांमुळे आली. कोणाची लेक हैदराबादला, कोणाचा मुलगा हिंजवडीला, कोणाचा त्याहून लांब. सामान न्यायला येतात तेव्हा बॅगेत तिखटाचा वास पसरतो म्हणून कुरकुरतात, मग यंत्र पाठवतात. सुरुवातीला आमच्या वयाच्या बायकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं, आणि मग ते असं काही वापरायला घेतलं की मुलांना आम्ही शिकवू लागलो. याचं कारण उघड आहे. यंत्र येतं ते बंद करण्यापुरतं. आधीचं वाळवणं, निवणं, दातानं फोडणं त्याच्या पुस्तिकेत नसतं. मुलं तिथंच फसतात. बाजारातून आणलेली, जराशी सर्द डाळ ते तशीच पिशवीत घालतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात.

पिशवीचंही तसंच. दुकानातली साधी पातळ पिशवी चालत नाही. साध्या प्लास्टिकमधून हवा हळूहळू आरपार जाते. या यंत्राची पिशवी दोन-तीन थरांची असते. बाहेरचा थर नायलॉनच्या जातीचा, तो हवा अडवतो. आतला पॉलिथिनचा, तो वितळून चिकटतो. आणि तिची एक बाजू खडबडीत असते. तो खडबडीतपणा शोभेचा नाही, हवा निघायला त्यात वाटा असतात. दोन्ही बाजू गुळगुळीत असल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि हवा आतच अडकते.

तोंडाशी चार बोटं जागा मोकळी सोडायची. भरताना तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवायचं, म्हणजे तिथं पीठ, तेल काही लागत नाही. भरून झालं की सरळ करून कोरड्या फडक्यानं पुसायचं. पाकीट फसतं ते बहुतेक वेळा इथंच. तेलाचा एक थेंब, तिखटाची एक चिमूट पट्टीत सापडली की दिसायला चिकटतं आणि दोन दिवसांनी सुटतं. चटणी, तिखट, बेसन यांना वर कागदाची घडी नाहीतर मलमलीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर पंप पीठच ओढून घेतो. तोंड ताणून धरायचं, सुरकुती पडू द्यायची नाही. थोडं अंतर सोडून दुसरी पट्टी मारायची. एकामागून एक पाकिटं करताना मध्ये यंत्राला दम घेऊ द्यायचा. पट्टी तापली की प्लास्टिक जास्त वितळून फाटतं. रात्रभर पाकिटं टेबलावर ठेवायची, सकाळी जे सैल झालं असेल ते पुन्हा करायचं. अख्ख्या मिरचीचे देठ पिशवीला भोक पाडतात, म्हणून देठ मोडून, कागदात गुंडाळून.

डाळ मात्र आम्ही आधी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो, त्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी. एरंडेलाचं काम आता थंडी करते. बाहेर काढल्यावर पिशवी बंद असतानाच ती खोलीच्या गरमीला येऊ द्यायची. थंड डाळ उघडली की तिच्यावर दव धरतं, आणि मग मायचा पहिला नियम उलट्या बाजूनं मोडतो.

सगळ्यात चांगला निकाल कशाचा आला असेल तर जवसाचा. जवस, कारळं, शेंगदाणे ही तेलाची माणसं. भाजून कुटली की त्यांना हवा लागते आणि ती खवट होतात, जवस तर सगळ्यात आधी. पूर्वी जवसाची चटणी आठवड्यापुरतीच कुटायची, ती त्यामुळेच. आता लहान लहान पाकिटं अंधारात ठेवली की पुण्याला गेलेलं पाकीट कित्येक दिवसांनी उघडलं तरी वास घरचाच येतो. लाल तिखटाचंही तेच. हवा आणि उजेड तुटला की रंग टिकतो. उमरेड-भिवापूरची मिरची आणणाऱ्यांना रंग उडाल्याचं किती दुःख होतं, ते सांगायला नको.

एका बाबतीत मी घरात कोणाचं ऐकत नाही. ठेचा. हिरवी मिरची, कच्चा लसूण, वर तेल, असा ठेचा हवा काढून पिशवीत घालायचा आणि ट्रॅव्हल्सनं पाठवायचा, असा हट्ट कोणीतरी धरतंच. ओल्या, आंबट नसलेल्या पदार्थातली हवा काढली की बुरशी थांबते, पण हवेशिवाय वाढणारा एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, मातीतून लसणावर येतो, आणि त्याच्या विषाला ना वास ना चव. पेवात माणूस उतरायला घाबरायचा, तशी भीती इथं असलीच पाहिजे. ओला पदार्थ पाकिटात गेला तरी त्याची जागा फ्रीझरच. खोलीत ठेवायचं ते फक्त खडखडीत वाळलेलं. लोणच्याला तर यंत्राची गरजच नाही. मीठ, आंबटपणा आणि चार बोटं तेल हे काम आधीच करत असतात, आणि तेलकट पिशवी धड चिकटतही नाही.

आणि सोले. हिरव्या तुरीच्या शेंगांतले दाणे, म्हणजे आमच्याकडचे सोले, डिसेंबर-जानेवारीत येतात आणि संपतात. सोलेभात हा थंडीचाच पदार्थ होता, कारण दुसरा इलाजच नव्हता. वाळवले तर ती तूर झाली. आता पुण्यातल्या नातवाला जूनमध्ये सोलेभात लागतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पसरून एकेक दाणा कोरडा. ताटात सुटे गोठवायचे आणि गोठल्यावर पाकीट करायचं. ओले असताना यंत्राला लावले तर पाणी ओढलं जातं आणि पट्टी चिकटत नाही. गरम पाणी टाळलं तर फ्रीझरमध्येही त्यांचा रंग आणि गोडवा जातो. नीट केले तर श्रावणात उघडलेल्या पाकिटातले दाणे हिरवेगार निघतात. माय असती तर आधी दाणा दातानं फोडून बघितला असता, आणि मग म्हणाली असती, “थंडीतल्यावानी नाई लागत.” ते खरं आहे. जानेवारीतला सोला गोठवलेल्यापेक्षा गोडच.

शेंगा सोलायचं यंत्र मात्र आमच्या कोणाच्या घरी आलेलं नाही. पायलीभर शेंगांतून दाणे निघतात थोडेच, नखं हिरवी-काळी होतात, आणि एकटीनं बसलं तर संध्याकाळ पुरत नाही. म्हणून जानेवारीत आम्ही जावा-नणंदा अजूनही कोणा एकीकडे जमतो. पुण्याच्या मुलांना सांगून ठेवलं आहे की सोले हवे असतील तर संक्रांतीला या, दोन दिवस राहा, आणि सोलायला बसा.